सोरॉरिटीच्या घरात नवी हाऊस डायरेक्टर येते तेव्हा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलींच्या ग्रीक अक्षरी संघटना असतात, त्या म्हणजे सोरॉरिटी. कप्पा अल्फा थीटा, ची ओमेगा, डेल्टा गॅमा ही त्यांतली काही जुनी नावं. एकेका विद्यापीठातली शाखा म्हणजे चॅप्टर, आणि जुन्या, मोठ्या चॅप्टरचं कॅम्पसला लागून स्वतःचं घर असतं. घर म्हणजे टुमदार बंगली नव्हे. चाळीस ते ऐंशी मुलींच्या राहण्याची सोय, बाहेर राहणाऱ्या सदस्याही जेवायला येतात म्हणून हॉटेलसारखं स्वयंपाकघर, तळघरात बॉयलर, दाराला कोडचं कुलूप. एवढ्या पसाऱ्यात मुक्कामाला असणारी पगारी, प्रौढ व्यक्ती बहुतेक ठिकाणी एकच असते: हाऊस डायरेक्टर.

ती बदलली की चॅप्टरमध्ये स्वागताची धांदल उडते. फुगे, केक, फुलांची परडी हे सगळं मुली झकास करतात, त्यात त्यांना शिकवण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो वेगळ्याच गोष्टींत. तिला काम कोण सांगणार, तिचा अधिकार कुठे संपतो आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह नेमका कुठल्या कपाटामागे आहे, हे पहिल्या आठवड्यात कोणीच धड सांगत नाही. नवी डायरेक्टर वर्षाच्या आतच सोडून जाते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ही बाई नक्की कोणाची?

आपल्याकडच्या लेडीज हॉस्टेलच्या रेक्टरबाई डोळ्यांसमोर आणल्या तर निम्मं चित्र जमतं. मुक्काम तिथेच, किल्ल्यांचा जुडगा हाताशी, कोण आजारी आहे यावर नजर. उरलेलं निम्मं मात्र उलटं आहे. रेक्टर शिस्त लावतात. हाऊस डायरेक्टर इमारत, स्वयंपाकघर, सफाई, दुरुस्ती आणि सुरक्षितता सांभाळते. मुलींच्या वागणुकीचा विषय चॅप्टरच्या निवडून आलेल्या पदाधिकारी मुली आणि सल्लागार म्हणून काम करणाऱ्या माजी सदस्या बघतात. डायरेक्टर जे दिसलं ते कळवते. शिक्षा ठरवत नाही.

तिला नेमतं आणि पगार देतं ते हाऊस कॉर्पोरेशन. घराची मालकी किंवा ताबा असलेलं, माजी सदस्यांचं हे बिनपगारी मंडळ असतं. काही संघटनांमध्ये त्याऐवजी देशपातळीवरची एकच हाऊसिंग संस्था हे काम करते. म्हणजे मुली महिन्याच्या बिलातून तिच्या पगाराचे पैसे भरतात, पण त्या तिच्या मालक नसतात. आणि ती मुलींच्या घरात राहते, पण त्यांची पालकही नसते. हे नातं जरा विचित्रच आहे, त्यामुळे ते कागदावर उतरवलेलं बरं.

पूर्वी ते सरळ होतं. १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकन इथे पुढे अल्फा डेल्टा पाय झालेली संघटना सुरू झाली, १८७० मध्ये इंडियानात कप्पा अल्फा थीटा. राहती घरं नंतर आली आणि त्यांच्याबरोबर 'हाऊस मदर' आली. बहुधा एखादी प्रौढ विधवा, जिचं काम रात्री दार लावणं, भेटायला आलेल्या मुलांना दिवाणखान्यापलीकडे न जाऊ देणं आणि टेबलावरचे रीतिरिवाज शिकवणं. विद्यापीठ तेव्हा कायद्यानेच पालकाच्या जागी समजलं जाई. १९६१ मध्ये डिक्सन विरुद्ध अलाबामा खटल्यात विद्यार्थ्यांना म्हणणं मांडू न देता काढून टाकता येणार नाही असा निकाल लागला आणि त्या समजुतीला तडा गेला. पुढच्या दशकभरात मुलींच्या रात्रीच्या वेळांचे नियमही सुटत गेले. हाऊस मदर राहिली, तिचं काम मात्र पार बदललं. अमेरिकेच्या दक्षिण भागात अजून लाडाने 'हाऊस मॉम' म्हणतात. करारावर हाऊस डायरेक्टरच असतं.

एक खुलासा इथेच करायला हवा. सगळ्याच सोरॉरिटींना घर नसतं. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये २६ संघटना आहेत आणि मोठी घरं मुख्यतः त्यांच्या चॅप्टरची. कृष्णवर्णीय मुलींच्या ऐतिहासिक सोरॉरिटी किंवा १९९८ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालेली डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनची कप्पा फाय गॅमा अशा दक्षिण आशियाई सोरॉरिटी यांचं काम बहुतेक ठिकाणी घराशिवायच चालतं. तेव्हा तुमची भाची अशा संघटनेत असेल, तर हा विषय तिच्या वाट्याला येण्याचा संभव कमी.

ती येण्याआधी

दक्षिणेतल्या बऱ्याच विद्यापीठांत नवीन सदस्य निवडण्याचा कार्यक्रम, म्हणजे रिक्रूटमेंट, ऑगस्टमध्ये वर्ग भरण्याआधीच होतो. त्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्या मुली घरात येऊन तयारी करतात आणि घराचं अक्षरशः मंगल कार्यालय होतं. नवी डायरेक्टर त्या आठवड्यात आणून बसवणं ही सर्वांत वाईट वेळ. किमान दोन-तीन आठवडे आधी, घर रिकामं असताना ती यायला हवी. जुन्या आणि नव्या डायरेक्टरचे तीन-चार दिवस एकत्र गेले तर फारच उत्तम. ते जमत नसेल तर जुनीने जाण्याआधी फोनवर व्हिडिओ काढत घरभर फिरावं आणि बोलत जावं: हा फ्रीझर दार दोनदा ढकलल्याशिवाय बंद होत नाही, या न्हाणीघराचं पाणी खालच्या जेवणघरात गळतं, बर्फाच्या मशीनवाल्याला फोन केला की तो तिसऱ्या दिवशी उगवतो. असली माहिती कुठल्याही फाइलमध्ये नसते.

तिची राहण्याची जागा बहुधा तळमजल्यावर, मुख्य दाराजवळ असते. जागा मधल्या काळात रिकामी पडली की चॅप्टर तिथे सजावटीचं सामान कोंबतं, हा नेहमीचा अनुभव. फुग्यांच्या कमानी, पुठ्ठ्याची अक्षरं, आणि गालिच्यातून कधीच न निघणारी चकाकी. ती येण्याच्या आठ दिवस आधी जागा रिकामी करून रंग, गालिच्याची सफाई, नवी गादी, कुलूप बदलणं, वायफाय, धुराचा अलार्म आणि गाडीसाठी राखीव जागा एवढं उरकून टाकावं. कुत्रं-मांजर आणायची परवानगी आहे का, तिच्याकडे पाहुणे मुक्कामाला राहू शकतात का, नाताळच्या सुटीत घर बंद असताना ती तिथे राहणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून वाद होतात ते बहुतेक याच तिन्हींवर.

राहणं-जेवण हा तिच्या मोबदल्याचा मोठा भाग असतो. अमेरिकेच्या करनियमांनुसार जागा कामाच्या ठिकाणी असेल, मालकाच्या सोयीसाठी दिलेली असेल आणि तिथे राहणं ही नोकरीची अटच असेल, तर तिची किंमत करपात्र पगारात धरत नाहीत. पण यातली तिसरी अट करारात शब्दांत लिहिलेली असावी लागते असं समजूनच चालावं. हे काम हाऊस कॉर्पोरेशनच्या खजिनदाराने हिशेबनिसाला विचारून करायचं, मुलींनी नव्हे.

मुलींनी करायचं काम वेगळं आहे: एक पानाचा तक्ता. कुठल्या गोष्टीचा शेवटचा शब्द कोणाचा? ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती डायरेक्टर स्वतः करून घेईल. त्यावरची मंडळाला विचारून. मेन्यू आचारी आणि ती ठरवतील, मुलींची फूड कमिटी सूचना देईल. खोल्यांचं वाटप चॅप्टर करेल. कोणाला अचानक बरं वाटेनासं झालं तर आधी ९११ हा आणीबाणीचा नंबर, मग सल्लागार, आणि घरच्यांना कोणी कळवायचं तेही नावानिशी. हा तक्ता नसेल तर पहिल्या पंधरवड्यात चॅप्टरची अध्यक्षा एक सांगते, मंडळाच्या बाई दुसरं सांगतात, आचारी म्हणतो मला थेट मंडळाने नेमलंय, आणि नवी बाई मधल्यामध्ये चेपली जाते. आचाऱ्याचा साहेब कोण, हा एकच प्रश्न आधी सोडवला तरी अर्धी भांडणं वाचतात.

नावं आणि चेहरे

साठ मुलींना एक नाव लक्षात ठेवायचं असतं, तिला साठ. त्यात तीन ॲना आणि चार एमा. प्रत्येक चॅप्टरच्या भिंतीवर त्या-त्या वर्षीच्या सदस्यांच्या छोट्या छायाचित्रांची मोठी चौकट लावलेली असते, तिला कंपोझिट म्हणतात. शेवटच्या कंपोझिटचा फोटो काढून तो तिला आधीच पाठवावा, आणि सोबत खोलीनिहाय यादी: नाव, हाक मारायचं नाव, शिक्षणाचं वर्ष, ॲलर्जी असल्यास ती. पहिला आठवडाभर मुलींनी जेवणाच्या वेळी नावाचं लेबल लावलं तर लाज वाटण्यासारखं काही नाही. सायली किंवा ऋतुजा नावाच्या मुलीने आपलं नाव कसं उच्चारायचं ते फोनमध्ये बोलून पाठवलं, तर वर्षभराची कटकट मिटते.

तिला काय म्हणायचं हे तिलाच विचारावं. दक्षिणेत पहिल्या नावाआधी 'मिस' लावण्याची रीत आहे, मग ती विवाहित असो वा नसो. उत्तरेकडे नुसतं नाव चालतं. आपल्या मुलींच्या तोंडी पटकन येणारं 'आंटी' मात्र तिथे आवरावं.

घराची फेरी: यात घाई नको

पहिल्या दोन दिवसांत किमान दोन तासांची फेरी ठेवायची. बरोबर तीन माणसं हवीत: घराची जबाबदारी असलेली मुलगी, मंडळातली एक व्यक्ती आणि इमारतीची दुरुस्ती नेहमी करणारा माणूस. हातात टॉर्च, लेबलं आणि जाड मार्कर.

सुरुवात पाण्यापासून. मुख्य व्हॉल्व्ह दाखवणं पुरेसं नाही, तो प्लंबरकडून फिरवून पाहावा लागतो. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि नेमका पाइप फुटल्या रात्री बंद होत नाही. त्यावर नाव आणि फिरवण्याची दिशा लिहून लेबल लावायचं. मग गॅस: बंद करायची जागा आणि हेही की एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू करायचं काम आपलं नाही, गॅस कंपनीचं. विजेच्या पेटीत कुठल्या ब्रेकरवर कुठली खोली, हे बहुतेक घरांत तीस वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीत लिहिलेलं असतं आणि मधे दोनदा भिंती हललेल्या असतात. ते नव्याने तपासावं. तळघरात पाणी उपसणारा पंप असेल तर त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का ते बघायचं. पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघत बसू नये.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो आगीच्या अलार्मच्या पॅनेलला. पॅनेल तीन प्रकारचे इशारे देतं. अलार्म म्हणजे आग किंवा धूर लागल्याची खूण: सगळ्यांनी बाहेर. सुपरवायझरी म्हणजे आग विझवण्याच्या यंत्रणेत काहीतरी हललंय, जसं स्प्रिंकलरचा, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या नळ्यांचा, व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केलाय. ट्रबल म्हणजे खुद्द यंत्रणेत बिघाड: बॅटरी संपत आली किंवा फोनची लाइन तुटली. रात्री तीनला बारीक टिकटिक सुरू झाली की नवखं माणूस घाबरून सगळ्यांना उठवतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे खऱ्या अलार्मच्या वेळी कारण न शोधता आवाज बंद करून टाकतं. सायलेन्स (आवाज थांबवणं) आणि रिसेट (यंत्रणा पूर्ववत करणं) ही दोन वेगळी बटणं आहेत. रिसेट करण्याचा निर्णय अग्निशमन दलाचा. हे पॅनेलशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावं. घरातले फुकटचे अलार्म बहुतेक मायक्रोवेव्हमधल्या जळलेल्या पॉपकॉर्नमुळे, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेमुळे वाजतात. चार वेळा तसं झालं की पाचव्या वेळी मुली अंथरुणातून उठत नाहीत, ही खरी भीती.

भीती पोकळ नाही. १२ मे १९९६ रोजी चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या तशाच संघटनेच्या, घराला पहाटे आग लागली आणि पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने अशा घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. मेणबत्त्या, एकमेकींत खुपसलेल्या एक्स्टेंशनच्या वायरी आणि चालू राहिलेली केस सरळ करायची इस्त्री यांवर डायरेक्टर वसावसा बोलली तर ती खाष्ट आहे असं समजू नये.

फेरीच्या शेवटी बाहेर यायचं. भिंतीवर अग्निशमन दलासाठी किल्ली ठेवलेली छोटी पोलादी पेटी असते. तिच्यातली किल्ली आजच्या कुलपाला लागते का? कुलपं बदलली की ही किल्ली बदलायची राहूनच जाते. बाहेर जमण्याची जागा कुठली, आणि हजेरीसाठी आज रात्री कोण घरात आहे याची यादी कुठे, तेही इथेच ठरवायचं. त्याच दिवशी दाराचे कोड बदलावेत आणि जुन्या डायरेक्टरच्या, सोडून गेलेल्या नोकरांच्या, पदवी घेऊन गेलेल्या मुलींच्या किल्ल्यांचा हिशेब लावावा. हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून मास्टर किल्ली किती जणांकडे आहे एवढं तरी पक्कं करायचं.

स्वयंपाकघर

डायरेक्टर आणि आचारी यांचं जमलं तर घर चालतं. पहिली ओळख मुलींच्या गराड्यात नको. दुपारच्या जेवणानंतर, भांडी आटोपल्यावर, दोघांनी निवांत बसून व्हावी. बोलायचे विषय ठरलेले: माल कधी येतो, बिलावर सही कोण करतं, आचारी आजारी पडला तर काय, आणि थर्मामीटरची वही. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा संहितेनुसार थंड अन्न ४१ अंश फॅरनहाइटला किंवा खाली, म्हणजे ५ अंश सेल्सियसला, आणि गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटला किंवा वर ठेवायचं असतं. शिजलेलं अन्न गार करताना १३५ वरून ७० अंशांवर दोन तासांत आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या दाट रश्श्याचं, मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो; ते उथळ ट्रेमध्ये ओतून ठेवावं लागतं.

वर्गामुळे जेवणाची वेळ चुकणाऱ्या मुलींसाठी 'लेट प्लेट' असते: नाव नोंदवायचं, ताट झाकून राखून ठेवलं जातं. नाव न नोंदवता ताट उचलणं हा प्रत्येक घरातला जुना तंटा. नवी बाई आली की मुली सवलती मिळवू बघतात, 'आधी चालायचं' म्हणतात. नोंद किती वाजता बंद होते हे लिहून दिलं तर ती फसत नाही.

ॲलर्जीच्या यादीत कायद्याने नऊ मुख्य पदार्थ येतात. नववा, तीळ, १ जानेवारी २०२३ पासून. आणि शाकाहारी मुलींची गोष्ट वेगळी सांगावी लागते. भारतीय घरातली मुलगी 'व्हेजिटेरियन' म्हणते तेव्हा समोरच्याला वाटतं, मांसाचा तुकडा वगळला की झालं. पण दक्षिणेतल्या शेंगा बेकन, म्हणजे डुकराचं मांस, घालून शिजतात, भात चिकनच्या रश्श्यात होतो आणि मार्शमेलोत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. अंडं चालतं का, एकाच तव्यावर भाजलेलं चालतं का, असं एकेक करून पहिल्याच आठवड्यात सांगावं. ऑक्टोबरमध्ये रडून काही होत नाही.

पहिलं जेवण, आणि दार

अनेक चॅप्टरमध्ये सोमवारी रात्री नीट कपडे करून एकत्र जेवण आणि मग सभा असते. डायरेक्टरला मुख्य टेबलावर बसवतात. स्वागताचं जेवण याच दिवशी ठेवावं, वेगळा घाट नको. अध्यक्षेने दोन मिनिटांत ओळख करून द्यावी, बाईंना भाषण करायला लावू नये. त्यानंतरची सभा आणि विधी फक्त सदस्यांसाठी असतात. ती स्वतः त्या संघटनेची सदस्य नसेल तर तिला बाहेर थांबावं लागतं. हे तिला आधी सांगा. जेवण झाल्या झाल्या तोंडावर दार बंद झालं तर कोणालाही लागेल. पुढच्या काही दिवसांत दुपारचा चहा ठेवून शेजारच्या घरांच्या डायरेक्टरना बोलवायची पद्धत चांगली आहे. कुठला प्लंबर रविवारी फोन उचलतो हे तिला त्यांच्याकडूनच कळणार.

एरवीचं दार म्हणजे तिच्या खोलीचं. तिची साप्ताहिक सुटी कुठली आणि त्या दिवशी कुलूप उघडून द्यायला कोण, हे दारावरच लिहावं. किल्ली विसरली म्हणून रात्री दोनला टकटक होणं हे या नोकरीत माणूस कंटाळण्याचं मोठं कारण आहे. काही घरांत किल्ली विसरणाऱ्या मुलीला थोडा दंड असतो. कडक वाटला तरी तो लागू पडतो. वरच्या मजल्यावर दुरुस्तीवाला नेताना जिन्यातून 'मॅन ऑन द फ्लोअर!' अशी आरोळी द्यायची रीतही तिला पहिल्याच दिवशी कळू द्या. नाहीतर टॉवेल गुंडाळलेली मुलगी, पाने-पक्कड घेतलेला माणूस आणि नवी बाई असे तिघेही एकदम ओशाळतात.

पॅनहेलेनिक सोरॉरिटींच्या घरांत दारूला मनाई असते. मुलीच्या खोलीत बाटली दिसली तर डायरेक्टरने कळवायचंच असतं, ते तिच्या कामातच येतं. 'आधीच्या बाई बघून न बघितल्यासारखं करायच्या' हे वाक्य खरं असो वा खोटं, नवीला ऐकवू नये. एकूणच आधीच्या बाईंचा पाढा वाचणं बंद ठेवावं, निदान नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत.

महिनाभराने अर्ध्या तासाची बैठक: ती, अध्यक्षा, घर सांभाळणारी मुलगी आणि मंडळातली एक व्यक्ती. प्रश्न ढोबळ नकोत. कुठली तक्रार दोनदा आली? कोणाचं बिल अडकलं? तक्त्यातली कुठली ओळ प्रत्यक्षात चालली नाही? मुलींच्या मेसेज ग्रुपवर जेवणाबद्दल जे लिहिलं जातं ते तिच्यापर्यंत ऐकीव स्वरूपात पोचतं आणि फार लागतं. त्याऐवजी फूड कमिटीने आठवड्याला तीन नेमक्या सूचना लिहून द्याव्यात.

नव्या डायरेक्टरची पहिली खरी कसोटी डिसेंबरात असते, घर बंद करताना. खोल्यांतले छोटे फ्रीज रिकामे करून, बंद करून दार उघडं ठेवायचं. खिडक्यांच्या कड्या लावायच्या. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सियसच्या खाली न्यायचा नाही, नाहीतर बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठून फुटतात. सिंकखालची कपाटं उघडी ठेवली की तिथे उबदार हवा पोचते. शेवटची मुलगी कधी निघणार हे तिच्याकडून लेखी घ्यायचं, कारण विमान चुकलेली एक तरी असतेच. आणि सुटीत घराची रोजची फेरी कोण मारणार ते डायरेक्टर स्वतः सुटीवर जाण्याआधी ठरलेलं असावं.